पोलीस गाडीत चुकीचं इंधन पडलं तर आधी काय करायचं, आणि वसुलीच्या भीतीने काय करायचं नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांचा मेहुणा नाशिक ग्रामीणला पोलीस चालक, नुकतीच गाडी बदलून मिळाली, २०१८ ची डिझेल एर्टिगा. काल रात्री पंपावरच्या पोराने त्यात पेट्रोल सोडलं, चौदा लिटर गेल्यावर लक्षात आलं. आधीचं डिझेल दहा-बारा लिटर असेल. गाडी चालू केलेली नाही, ढकलून हवेच्या मशीनजवळ लावलीय. जुने चालक सांगतायत की वरून डिझेल मार, टाकी फुल कर, काही होत नाही. मेहुण्याला टेन्शन वसुलीचं, म्हणजे नुकसान पगारातून कापलं जायचं. आणि शेवटी विचारलंय की ब्रिटनमधल्या पोलिसांचंही सारखं असं होतं अशी बातमी वाचली, एवढे शिकलेले लोक असं कसं करतात.

मी नाशिकच्या द्वारका भागात डिझेल इंजिनच्या पंप-नोझलचं काम करतो, म्हणजे इंजिनात इंधन फवारणाऱ्या भागांचं, आधी जुने एफआयपी (मेकॅनिकल इंधन पंप), आता बहुतेक कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त प्रेशरच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल देणारी सिस्टीम). सरकारी गाड्या पण येतात, त्यामुळे हा प्रकार माझ्यासाठी नवीन नाही. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: चुकीचं इंधन पडल्याने जेवढं नुकसान होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त त्यानंतरच्या अर्ध्या तासात होतं, आणि ते बहुतेक वेळा साहेबाला कळू नये म्हणून होतं.

मेहुण्याने गाडी चालू केली नाही हे लाखाचं काम केलंय, अक्षरशः लाखाचं, पुढे सांगतो कसं. आता फक्त एवढं करा की फिटर येईपर्यंत बॅटरीची मायनस केबल काढून ठेवा आणि स्टिअरिंगवर मोठ्या अक्षरात कागद चिकटवा, चालू करू नये म्हणून. कारण पोलीस गाडीवर एकच माणूस नसतो, पाळी बदलली की दुसरा चालक येतो, त्याला काय माहीत, तो चावी घेतो आणि सेल्फ मारतो. नुसती चावी 'ऑन'ला नेली, डॅशबोर्डचे दिवे लागले, तरी बऱ्याच गाड्यांत टाकीतला इलेक्ट्रिक पंप काही सेकंद चालतो आणि माल पुढे लाईनमध्ये ढकलतो. म्हणून गाडी हलवायचीच असेल तर स्टिअरिंग लॉक सुटण्यापुरती चावी फिरवा, न्यूट्रल करा आणि धक्का मारा, त्याच्या पुढे नाही.

आता "वरून डिझेल मार" हा सल्ला. हे सांगणारे खोटं बोलत नाहीत, त्यांचा काळ वेगळा होता. जुनी सुमो, जुनी डीआय बोलेरो, त्यांचे पंप मेकॅनिकल होते, प्रेशर कमी, गॅप मोकळे, त्यात चार-पाच लिटर पेट्रोल गेलं तर गाडी थोडी खडखड करायची, धूर मारायची आणि टाकी संपेपर्यंत कशीबशी चालायची. इतकंच काय, युरोपातल्या काही जुन्या डिझेल गाड्यांच्या पुस्तकातच कडाक्याच्या थंडीत डिझेल गोठू नये म्हणून थोडं पेट्रोल मिसळायला परवानगी असायची. तिथून हा समज आला आणि तो अजून पोलीस लाईनीत, एसटी डेपोत, ट्रान्सपोर्ट नगरात फिरतोय. पण २०१८ ची डिझेल एर्टिगा म्हणजे कॉमन रेल. तिच्यात रेलचं प्रेशर दीड हजार बारच्या पुढे जातं आणि त्या हाय प्रेशर पंपाला वेगळं ऑइल नसतं, त्यातून जाणारं डिझेल हेच त्याचं ऑइल. डिझेलला चिकटपणा असतो, पेट्रोलला नाही, उलट पेट्रोल म्हणजे धुवून काढणारा माल, आपण गॅरेजमध्ये ग्रीस साफ करायला तेच वापरतो ना. पंपाच्या आत प्लंजर आणि बॅरल एकमेकांवर कोरडे घासायला लागतात, घासले की बारीक भुगा सुटतो, तो भुगा रेलमध्ये, रेलमधून चारही इंजेक्टरमध्ये, आणि जे उरतं ते रिटर्न लाईनने परत टाकीत. म्हणजे एकदा पंपाने चुरा सोडला की सगळी सिस्टीम दूषित झाली, एकटा पंप बदलून भागत नाही. इंजेक्टरच्या आतले गॅप दोन-चार मायक्रॉनचे असतात, माणसाचा केस पन्नास मायक्रॉनच्या पुढे असतो, त्यावरून समजा. आणि नाशिककरांना हे मी काय सांगणार, सातपूरच्या मायकोत, म्हणजे हेच पंप-नोझल बनवणाऱ्या कारखान्यात, २००८ पासून बॉश झालं तरी सर्कल अजून मायको सर्कलच आहे, तिथे इथल्या कितीतरी घरांची चूल याच मायक्रॉनवर चालली.

तुमच्या केसमध्ये चौदा लिटर पेट्रोल आणि दहा-बारा लिटर डिझेल, म्हणजे अर्ध्याहून जास्त पेट्रोल. टाकी पंचेचाळीस लिटरची, वरून ठासून डिझेल भरलं तरी तीस टक्क्यांच्या आसपास पेट्रोल राहणारच. काही होत नाही म्हणणाऱ्याला एवढंच विचारा की हाय प्रेशर पंपाची किंमत माहितीय का. टाकी उतरवून साफ करणं, फिल्टर, लाईन फ्लश, हे सगळं काही हजारांत बसतं. हाय प्रेशर पंप, रेल, चार इंजेक्टर, लाईनी आणि टाकी असं सगळं करायला लागलं तर लाखाच्या पुढे जायला वेळ लागत नाही, आणि दहा वर्षांकडे झुकलेल्या सरकारी गाडीवर एवढा खर्च मंजूर व्हायला किती टेबलं लागतात ते तुम्हीच बघा.

एक प्रसंग सांगतो, ठाणं सांगत नाही. घोटीच्या बाजूने एक बोलेरो टोचन करून आली, नवीन इंजिनवाली, कॉमन रेल. जॉबकार्डवर एकच ओळ, "गाडी चालू होत नाही". चालक गप्प, सोबतचे दादा पण गप्प. मी फिल्टर खोलला, वाटीतलं डिझेल पांढऱ्या एनॅमलच्या ताटलीत ओतलं आणि उन्हात धरलं. डिझेल नेहमी जरा पिवळसर तेलकट दिसतं, हे पाण्यासारखं पातळ, बोटाला लावलं तर बोट गार पडलं आणि क्षणात कोरडं झालं. आणि ताटलीच्या तळाला चंदेरी चमक, ताटली हलवली की ती चमक पण हलते. मी काही बोललोच नाही, नुसती ताटली त्यांच्यासमोर धरली, मग चालकाने सगळं सांगितलं. पेट्रोल पडलेलं त्याला पंपावरच कळलं होतं, पण साहेब गाडीत बसलेले, बंदोबस्ताला उशीर झालेला, म्हणून वरून डिझेल टाकलं आणि निघाले. आधी खडखड झाली, मग घाटात पिकअप गेलं, चेक इंजिनचा दिवा लागला, तरी तो दाबतच राहिला कारण थांबलं तर सांगावं लागणार. शेवटी गाडी स्वतःच थांबली. पंपावर थांबून खरं सांगितलं असतं तर काही हजारांत आणि एका दिवसात विषय संपला असता, तिथे आख्खी सिस्टीम गेली आणि गाडी कित्येक आठवडे आवारात धूळ खात पडली. त्या चालकाची चूक मी एवढीच मानतो की त्याला खरं बोलायची भीती वाटली, आणि ती भीती त्याने घरून आणलेली नव्हती.

म्हणून मेहुण्याला सांगा, आत्ता आधी एमटीला कळव. एमटी म्हणजे मोटार परिवहन विभाग, त्याला माहीतच असेल. तोंडी नको, स्टेशन डायरीला नोंद पडू दे, वेळ, पंप, किती लिटर, गाडी चालू केलेली नाही, हे सगळं त्यात यायला हवं. "गाडी चालू केलेली नाही" हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. वसुली म्हणजे शिक्षाच असते, ती लावायच्या आधी लेखी खुलासा मागतात, आणि त्या खुलाशाला जोडायला तुमच्याकडे काय आहे यावर सगळं अवलंबून. पंपाची छापील पावती घ्या, त्यावर मालाचं नाव येतं, पेट्रोल की डिझेल, आणि नोझल नंबर पण. सीसीटीव्हीचं फुटेज आजच मागा, कारण काही दिवसांनी त्याच्यावर नवीन रेकॉर्डिंग चढतं आणि मग पंपवाला हात वर करतो. त्या पोराने काय ऐकलं, चालक काय बोलला, हे फुटेजमध्ये ऐकू येत नसलं तरी चालक नोझलजवळ उभा होता की फोनवर होता हे दिसतं, तेव्हा खुलाशात खरं तेच लिहा. टाकीतला माल काढाल तेव्हा एक-एक लिटरचे दोन नमुने सील करून ठेवा, एक तुमच्याकडे, एक पंपाकडे, दोघांच्या सह्या. नोझल पंपाच्या माणसाने धरला होता, तेव्हा टाकी साफ करण्याचा खर्च पंपमालकाने द्यावा हे बोलणं रास्त आहे आणि पंपमालक बहुतेक वेळा देतात पण, पोलिसांशी कोणाला वाद नको असतो. फक्त ते लेखी घ्या आणि त्या पोराच्या पगारातून कापू नका असंही सांगा, त्याचा पगार तो किती.

आता प्रत्यक्ष काम. तोंडाने पाईप ओढून पेट्रोल काढायचा उद्योग कोणी करू नये, फुफ्फुसात गेलं तर जीवावर बेततं. आणि दुसरं, हे मिश्रण डिझेल समजून हाताळू नका. डिझेल साध्या तापमानाला सहज पेट घेत नाही, पेट्रोलची वाफ शून्याच्या खाली उणे चाळीसला पण पेट घेते, आणि मिश्रण पेट्रोलसारखंच वागतं. त्यामुळे उघड्यावर, बॅटरी काढून, बिडी-सिगारेट लांब, आणि माल धातूच्या कॅनमध्ये, प्लास्टिकच्या बादलीत नको कारण पेट्रोल ओतताना स्टॅटिक तयार होतं. पंपाच्या आवारात हे करायला पंपवाले देणार नाहीत आणि देऊ पण नये, टोचन करून गॅरेजला न्या. टाकी खाली उतरवली तर उत्तम, तळाला राहिलेलं पण निघतं. मग पाच-सहा लिटर स्वच्छ डिझेल टाकून टाकी हलवायची, ते पण काढून टाकायचं, फिल्टर नवीन, मग ताजं डिझेल, लाईनची हवा काढायची आणि मग सेल्फ. पाच-सात सेकंदांच्या वर एका दमात सेल्फ मारू नका. गाडी चालू झालीच नव्हती म्हटल्यावर एवढ्यात काम संपतं, इंजेक्टर खोलायला लावणारा कोणी भेटला तर दुसऱ्या गॅरेजला विचारा. काढलेला माल गटारात किंवा नासर्डीत ओतायचा नाही, हे वेगळं सांगायला लागू नये पण लागतं. आणि तो दुसऱ्या कोणाच्या गाडीत "थोडा-थोडा" टाकून संपवायचाही नाही.

गाडी चालू झाली असती तर गोष्ट वेगळी. मग मी आधी फिल्टर कापून बघतो, चमक आहे का. नसेल तर नशीब, फ्लश करून स्कॅनरवर रेल प्रेशर बघायचं, इंजेक्टरची लीकबॅक टेस्ट (इंजेक्टरमधून किती डिझेल परत येतं ते बघणं) करायची आणि गाडी द्यायची, आठवड्याने परत फिल्टर बघायचा. चमक असेल तर अर्धवट काम करून पैसे वाचवायचा नाद सोडायचा, सगळंच करायला लागतं. इंजिन ऑइलची काडी पण बघायची, लेव्हल वाढलेली दिसली किंवा पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलल्याशिवाय इंजिन फिरवायचं नाही.

उलटं झालं, म्हणजे पेट्रोल गाडीत डिझेल, तर तेवढं महाग पडत नाही पण त्रास आहेच. डिझेलची तशी वाफ होत नाही, स्पार्कने नीट पेटत नाही, प्लग ओले-काळे होतात, गाडी मिसिंग करते, झटके मारते, पांढरा धूर फेकते आणि बंद पडते. टाकी साफ, प्लग, फिल्टर, ऑइल एवढ्यात बहुतेक वेळा भागतं, पण त्या अवस्थेत रेटून चालवली तर सायलेन्सरच्या मांडणीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदतो आणि तो काही स्वस्त नसतो. नवीन हायब्रिड इनोव्हा असेल तर अजून एक सावधगिरी, त्यात गाडी 'रेडी'ला ठेवली की इंजिन आपलं आपण कधीही चालू होतं, आवाज नाही म्हणजे बंद आहे असं धरू नका, पॉवर पूर्ण बंद करा.

तिसरा प्रकार बस आणि मोठ्या व्हॅनवाल्यांसाठी, म्हणजे एसआरपी (राज्य राखीव पोलीस), मुख्यालयाच्या गाड्या. बीएस६ च्या, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या मोठ्या गाड्यांना धूर साफ करायला डीईएफ लागतं, पाण्यात ३२.५ टक्के युरिया, त्याची वेगळी टाकी आणि बहुतेक निळं झाकण. हे डिझेलच्या टाकीत गेलं तर पाणीच ते, डिझेलपेक्षा जड, तळाला बसतं आणि पंप तळातूनच ओढतो, म्हणजे पहिला घोट त्याचाच. वाळलं की त्याचे पांढरे खडे होतात आणि धातूला गंज धरतो. उलट डिझेल डीईएफच्या टाकीत गेलं, अगदी पेलाभर, तरी रबर सील फुगतात आणि ते युनिट बदलायला लागतं. पेट्रोल-डिझेलपेक्षा हा प्रकार मला जास्त डेंजर वाटतो कारण कॅनमधून चालक स्वतःच भरतो, पावती नाही, सीसीटीव्ही नाही.

पोलिसांच्याच गाड्यांत हे का होतं यावर लोक हसतात, पण जरा बघा. आपल्याकडे पोलीस गाडी म्हणजे डिझेल हे वर्षानुवर्षं डोक्यात बसलेलं. १ एप्रिल २०२० ला बीएस६ आलं, मारुतीने डिझेल इंजिन बंदच केलं, तेव्हापासूनची नवीन एर्टिगा पेट्रोल किंवा सीएनजी, डिझेल नाहीच. मग १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांच्या पुढच्या सरकारी गाड्या भंगारात काढायचा नियम आला, जुन्या डिझेल सुमो आवारातून गेल्या, जागी नवीन आल्या. आता एकाच ठाण्याच्या दारात दोन एर्टिगा उभ्या, दोन्हीवर तेच पट्टे, तोच दिवा, आणि एक डिझेल एक पेट्रोल. इनोव्हाचं तेच, क्रिस्टा डिझेल आणि हायक्रॉस फक्त पेट्रोल. पंपावरचं पोरगं वीस-बावीसचं, त्याने डिझेल एर्टिगा बघितलेलीच नाही, त्याच्या हिशोबाने एर्टिगा म्हणजे पेट्रोल, आणि चालक आदल्या आठवड्यापर्यंत दुसरीच गाडी चालवत होता. त्यात ११२ चा कॉल स्क्रीनवर आलेला, वायरलेसवर कोणीतरी नाव घेऊन बोलतंय, काच खाली करून "हजार-दीड हजारचं टाक" एवढंच सांगायचं. डिझेल हा शब्द कोणी उच्चारलाच नाही, दोघांपैकी कोणीही नाही.

अजून एक भानगड आहे, प्रीमियमच्या नावांची. पोरगं विचारतं "साहेब, पॉवर टाकू का?" आणि आपल्याला वाटतं गाडीला ताकद देणारं काहीतरी असेल, हो म्हणतो. पॉवर हे पेट्रोलचं नाव आहे. एका कंपनीच्या डिझेलचं टर्बोजेट, दुसरीच्या डिझेलचं एक्स्ट्राग्रीन, ही नावं ऐकून आत काय आहे ते कोणाच्या बापाला कळणार. ब्रँडच्या नावावर हो-नाही म्हणूच नका, "डिझेल" एवढंच बोला, मोठ्याने.

आणि एक सवय, फुकट आहे आणि मी सगळ्या चालकांना सांगतो. पंपावर आपल्याला "झिरो बघा साहेब" म्हणतात, आपण झिरो बघतो आणि मान हलवतो. त्याच स्क्रीनवर लिटरचा दर पण असतो. २०२४-२५ मध्ये आपल्याकडे पेट्रोल शंभरच्या वर आणि डिझेल नव्वदच्या आसपास होतं. झिरो बघताना तो दर बघायचा, डिझेल गाडीला पेट्रोलचा दर दिसला की नोझल टाकीत जायच्या आधीच ओरडायचं. भाव बदलले तरी फरक राहतोच, त्या दिवसाचे दोन आकडे बोर्डवर लिहिलेले असतात. स्टिकर, झाकणाला रंग, किल्लीला लाल-पिवळा टॅग, हे सगळं करा, पण स्टिकर दोन पावसाळ्यांत पुसतो आणि झाकण पोरगं उघडतं, तुम्ही नाही.

नाशिकच्या संदर्भात एक गोष्ट मुद्दाम बोलतो कारण २०२७ चा सिंहस्थ आहे. बंदोबस्ताला राज्यभरातून गाड्या येणार, बाहेरच्या जिल्ह्याचे चालक, अनोळखी पंप, आडगाव नाक्यापासून विल्होळीपर्यंत रांगा, पंपांवर तात्पुरती भरलेली पोरं. आणि ऐन पर्वण्या पावसाळ्यात. त्यामुळे चुकीच्या नोझलबरोबर पाण्याचाही धोका धरा. जून २०२५ मध्ये मध्य प्रदेशात रतलामला मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातल्या १९ गाड्या डिझेल भरल्यावर एकामागोमाग बंद पडल्या, टाक्या उतरवल्या तर डिझेलमध्ये पाणी निघालं आणि पंप सील झाला. ताफाच्या ताफा एकाच पंपावर भरला की असं होतं. पाणी पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत झिरपतं, आणि टँकरचे कप्पे रिकामे करताना चुकीच्या टाकीत पाईप जोडला तर तिथेच पेट्रोल-डिझेल एक होतं, मग नोझल बरोबर असूनही माल चुकीचा. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोतून टँकर आला आणि माल उतरतोय असं दिसलं तर त्या वेळी गाडी भरू नका, ढवळलेला गाळ-पाणी वर असतं, अर्धा-पाऊण तास थांबा किंवा पुढचा पंप धरा. बंदोबस्ताच्या ताफ्याचा ज्या कोणाकडे चार्ज असेल त्याने सकाळी पंपावर घनता तपासायला सांगावी, हायड्रोमीटर आणि चार्ट प्रत्येक पंपावर असायलाच हवा, चार्टवरून १५ अंशांच्या तापमानाला आणलेला आकडा धरायचा, डिझेल साधारण ८२० किलो प्रति घनमीटरच्या वर आणि पेट्रोल ७२० ते ७७५ मध्ये बसतं, मधला कुठला आकडा आला की माल मिसळल्याचा संशय घ्या. पाण्यासाठी पंपाच्या टाकीत बुडवायच्या डिपच्या काडीला पेस्ट लावून बघतात, पाणी लागलं की तिचा रंग बदलतो, दोन मिनिटांचं काम. आणि सगळ्या गाड्या एकाच पंपावर नकोत, निम्म्या इकडे निम्म्या तिकडे. पेट्रोल गाड्यांना ई२० मुळे, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे, वेगळा ताप आहे, इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाला बसतात. लक्षणं डिझेल पडल्यासारखीच दिसतात, तेव्हा पंपावरच्या पोराला लगेच धरू नका, आधी बाटलीत नमुना काढून उजेडात बघा, दोन थर दिसतात का.

आता ब्रिटनचं. हो, तिथे पोलीस गाड्यांत चुकीचं इंधन पडतं आणि ते छापूनही येतं, कारण पत्रकार माहितीच्या अधिकारात प्रत्येक पोलीस दलाला विचारतात आणि दलांच्या फ्लीट विभागाकडे किती वेळा झालं, दुरुस्तीला किती पौंड गेले याची नोंद असते. त्यांचा कायदा जानेवारी २००५ ला लागू झाला, आपला ऑक्टोबर २००५ ला, म्हणजे विचारायची सोय दोघांकडे एकाच वर्षाची. माझ्याकडे येणाऱ्या जॉबकार्डवर मात्र अजून "गाडी चालू होत नाही" एवढंच असतं, त्यामुळे तिथली पोलीस मंडळी जास्त वेंधळी आणि आपली हुशार असा अर्थ काढू नका. तिथे पंपावर माणूस नसतो, अधिकारी स्वतःच भरतो. तिथल्या बहुतेक पंपांवर डिझेलचं हँडल काळं, पेट्रोलचं हिरवं, तरी होतं, कारण गाडी दर पाळीला दुसऱ्याकडे आणि ताफा मिश्र, म्हणजे आपलंच दुखणं. एक फरक मापाचा, तिथे डिझेलचं नोझल जाड आणि पेट्रोलचं बारीक असतं, त्यामुळे डिझेल सहसा पेट्रोल गाडीत शिरत नाही पण पेट्रोल डिझेल गाडीत आरामात शिरतं, म्हणून चूक बहुतेक महाग बाजूचीच होते. त्यावर टाकीच्या तोंडात बसवायची झडप मिळते, जाड नोझलनेच उघडते, फोर्डने तर काही गाड्यांना कारखान्यातूनच तशी सोय दिली होती. आपल्याकडे तसली झडप लावायचा विचार असेल तर आधी नेहमीच्या दोन-तीन पंपांवर जाऊन त्यांच्या डिझेलच्या नोझलने ती उघडते का बघून घ्या, सगळीकडे माप सारखं नाही, नाहीतर रात्री दोन वाजता सिन्नरला गाडीत डिझेलच जाणार नाही आणि मग शिव्या मला घालाल.